आधीचं रीडिंग

३ जुलै, गुरुवार

गाडीत लिहितेय, त्यामुळे अक्षर असंच येणार. डायरी सुरू केली कारण बोलायला कुणी नाही. ड्रायव्हरकाकांशी बोलायला गेलं की ते मान वळवून ऐकतात आणि गाडी निम्म्या वेगावर आणतात.

नोकरीला आज सहा आठवडे झाले. काम तराजू तपासायचं. औषधांचे कारखाने, दवाखाने, प्रयोगशाळा, जिथे जिथे बारीक वजन करतात तिथे आमची प्रमाण वजनांची पेटी घेऊन जायचं. सुती हातमोजे घालायचे, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. आधी वजन ठेवून तराजू काय दाखवतो ते जसंच्या तसं लिहायचं, दहा वेळा. हे आधीचं रीडिंग. मग तराजू नीट लावायचा आणि पुन्हा दहा वेळा लिहायचं. गिऱ्हाइकाला खरी गरज असते ती आधीच्या रीडिंगची, कारण आपण आजवर किती चुकत होतो ते त्यावरूनच कळतं. एकदा तराजू लावला की ते गेलं, परत मिळत नाही. साहेबांनी पहिल्या दिवशी हे तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा हेडबाईने.

हेडबाई म्हणजे माझी मैत्रीण. कॉलेजची चार वर्षं एका बाकावर, आणि आता एका भाड्याच्या खोलीत. जगाला शिस्त लावत फिरते म्हणून मीच तिचं हे नाव ठेवलं. ती मला तिखट म्हणते. दोघींनी एकाच दिवशी मुलाखत दिली, एकाच दिवशी नोकरी लागली. तिला मिळाली खुर्ची, मला मिळाली गाडी. मी महिन्यातले चोवीस दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि तिने ऑफिसात बसून माझे कागद तपासायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या.

मुलाखतीत मी साहेबांना म्हणाले होते खरी, की मला टेबलापाशी बसवलंत तर आठवड्यात पळून जाईन. पण ते बोलण्याच्या ओघात. त्यांनी एवढं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. हेडबाईला गाडीत बसलं की दहा मिनिटांत उलटी होते, हेही खरं. पण सवयीने माणूस कशालाही निर्ढावतो. मी नाही निर्ढावले?

८ जुलै

लॉजची खोली. खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला नाक लागेल. चादरीवर आधीच्या माणसाच्या इस्त्रीचा डाग.

रोज संध्याकाळी सात वाजता हेडबाईचा मेसेज येतो. ‘पोचलीस का? जेवलीस का?’ शब्द तेच, क्रम तोच, सहा आठवडे. एक दिवस तरी उलटं विचारावं. जेवलीस का, पोचलीस का. मी ‘हो’ पाठवते. कधी तेही नाही.

आज कुरिअरने चार कागद परत आले. चारींवर तिची लाल पेन्सिल. एकावर खोलीचं तापमान राहिलंय. एकावर तारखेतला सातचा आकडा एकासारखा दिसतो. एकावर म्हणे माझी सही रेघेच्या बाहेर गेलीय. चौथ्यावर नुसतं ‘छान’ लिहिलंय. छान आहे तर परत कशाला पाठवला?

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अगं, ती नीट बघते म्हणून तुझं नाव खराब होत नाही.” म्हणजे पोटची मी आणि बाजू तिची.

१९ जुलै, शनिवार

सोळा दिवसांनी खोलीवर आले. दार उघडलं तर माझ्या पलंगावर एक काडी. म्हणजे मुलगी, पण अंगाने काडीच. ऑफिसात नवीन लागलीय, जागा मिळेपर्यंत हेडबाईने तिला ‘चार दिवस’ ठेवून घेतलंय. माझ्या उशीवर डोकं, माझ्या कपात चहा. आयत्या बिळावर नागोबा. मला बघून ती ताडकन उठली, म्हणाली, “सॉरी ताई, तुम्ही उद्या येणार असं वाटलं होतं.” ताई! माझ्याहून एक वर्षाने लहान असेल.

मी उद्याच येणार होते. ड्रायव्हरकाकांना घरी काम होतं म्हणून आज निघालो. पण हे तिला कशाला सांगू?

हेडबाई खूश झाली असं दाखवत होती. आल्याआल्या माझी बॅग ओढून आतले मळके कपडे काढायला लागली. मी म्हटलं, “माझ्या सामानाला हात लावायचा नाही.” तिने फक्त हातमोज्यांचे तीन जोड घेतले आणि गेली. दर वेळी हेच. माझे मोजे गायब होतात आणि निघायच्या वेळी पेटीत घडी घालून सापडतात. विचारायची पद्धत नाही.

फ्रिजमध्ये केकचा एक तुकडा होता, डब्यावर चिठ्ठी, ‘तिखटसाठी’. दोघींनी काल काहीतरी साजरं केलेलं दिसतंय. शिळा तुकडा माझ्यासाठी. नाही खाल्ला.

२१ जुलै

पुन्हा गाडीत. आत्ता, एका पुलावर, एकदम आठवलं की अठरा जुलै हेडबाईचा वाढदिवस.

हे तिने बोलायला नको होतं का? दोन दिवस एका खोलीत होतो. तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि मग मनात धरून ठेवायचं, ही तिची जुनी रीत आहे. कॉलेजात ती असं करायची नाही, पण आता करते. आता शुभेच्छा दिल्या तर उशिरा दिल्या असं होईल. नाहीच देत.

१ ऑगस्ट

आज काय झालं ते नीट लिहिते, कारण ते दुसरं कुणाला सांगता येणार नाही.

औषधांचा कारखाना. गोळीत घालायची पूड ज्यावर मोजतात तो तराजू. लॅबच्या बाई, पन्नाशीच्या, कामाला चोख, मला म्हणाल्या, “आठवडाभर हा जरा जास्त दाखवतोय असं मला वाटतंय. किती, ते तुम्हीच सांगा.” आणि त्या त्यांच्या कामाला गेल्या. मी पेटी उघडली, मोजे घातले. तेवढ्यात हेडबाईचा फोन. घरमालकीण विचारतेय, खोलीचा करार वर्षभर वाढवायचा का.

“वाढव की,” मी म्हटलं.

“वाढवतेच. पण तू महिन्यातून सहा दिवस असतेस ना गं. काडीला जागा मिळत नाहीये. तिसरी म्हणून घेऊ या का तिला? तुझा पलंग तुझाच राहील.”

फोन खांद्यात धरला होता. काय काय बोलले सगळं आठवत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, हे म्हटलं. तुला माझी अडचणच व्हायला लागलीय, हेही म्हटलं. ती म्हणत होती, “ऐकून तर घे,” आणि मी बोलत होते, आणि बोलता बोलता माझ्या हाताने तराजूचं दुरुस्तीचं बटण दाबलं. रोज दाबतो, हाताला सवय. आतून गुरगुरला, थांबला, आणि पडद्यावर आकडा आला. तंतोतंत बरोबर.

आधीचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं.

फोन ठेवला. बाई परत आल्या नव्हत्या. काका बाहेर हॉर्न वाजवत होते, पुढे अजून दोन ठिकाणं होती. मी आधीच्या रकान्यात दहा आकडे लिहिले. थोडे वर, थोडे खाली, सगळे मर्यादेत. पाच मिनिटं लागली नसतील. बाईंनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे मलाच वाटत होतं तर,” म्हणाल्या.

आता तराजू बरोबर आहे. बरोबर असण्याशी मतलब. आणि हेडबाईने त्याच क्षणी फोन केला नसता तर हे झालंच नसतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

कारखान्याचा कागद परत आला. तापमान, तारीख, सही सगळं बरोबर होतं, मी मुद्दाम बघितलं होतं. समासात लाल पेन्सिलने एकच ओळ: ‘आधीची दहा बघ. शून्य एकही नाही.’

अंगाचा तिळपापड झाला. हिला ते ओळखायला येतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला कंटाळा आला की मी आकडे मनाने टाकायचे आणि मास्तरांना कधी कळायचं नाही. हिला पहिल्या वर्षीच कळलं. म्हणाली होती, “तुझ्या खोट्या आकड्यांत शेवटी शून्य कधी नसतं, आणि एकच आकडा लागोपाठ दोनदा येत नाही. खरा तराजू कंटाळवाणा असतो गं. तोच आकडा चार-चार वेळा दाखवतो. तुला तेच ते सहन होत नाही, म्हणून तुझे आकडे नटलेले असतात.” तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. मग तिने मला ते सगळं परत करायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून राहिली, शिपाई दाराला कुलूप लावायला येईपर्यंत.

ते हसणं आता माझ्याविरुद्ध वापरतेय. मी कागदाचा फोटो काढला, खाली लिहिलं, ‘तुझं काम सही करायचं. ती कर.’ आणि पाठवून दिला. कागदही तसाच परत टाकला कुरिअरमध्ये.

७ ऑगस्ट

तिचे चार फोन. घेतले नाहीत. मग मेसेज: ‘अजून कुणी पाहिलेलं नाही. घेतलं नव्हतं एवढं लिही ना. साहेब ओरडतील आणि विसरतील. कर ना गं.’

मी लिहिलं: ‘खुर्ची तुला मिळाली, खोली तू वाटून टाकलीस, आता माझी नोकरी तेवढी उरलीय. ती पण काडीला दे.’

पाठवल्यावर जरा बरं वाटलं. तासभर.

सात वाजले, साडेसात झाले. फोनला रेंज आहे. मेसेज नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

१२ ऑगस्ट

तिने सही केली. कारखान्याला प्रमाणपत्र गेलं. शेवटी नमली. इतकंच करायचं होतं तर आठ दिवस लाल पेन्सिल कशाला नाचवली?

जेवण गेलं नाही आज. लॉजचं तेल खराब असतं.

२२ ऑगस्ट

साहेबांचा फोन. हातातलं काम संपवून सोमवारी सकाळी थेट ऑफिसात हजर हो. आवाज गार.

हेडबाईने चुगली केली, दुसरं काही असूच शकत नाही. सही करून मला गाफील ठेवलं आणि मागून गेली साहेबांकडे. काडीनेच कान भरले असणार. चार वर्षं मी एका सापाला माझ्या बाकावर बसू दिलं. काकांना म्हटलं, “काका, माणूस ओळखायला किती वर्षं लागतात?” त्यांनी गाडी हळू केली, विचार केला, म्हणाले, “मला माझा स्वभाव पन्नाशीला कळला, बाई. दुसऱ्याचं सोडा.” या माणसाला सरळ उत्तर देता येत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

हेडबाईच्या खुर्चीवर काडी बसली होती, रजिस्टर सांभाळत. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी सांगितलं ते असं. लॅबच्या बाई रोज सकाळी आपलं एक वजन त्या तराजूवर ठेवून वहीत नोंद करतात. त्या वहीत आठवडाभर तराजू चुकतोय असं आहे, आणि आमच्या कागदावर मी पोचले तेव्हा तो बरोबर होता असं आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. कारखान्याने आमचा कागद खरा धरला. बाईंवर खोट्या नोंदी केल्याचा ठपका आला आणि त्यांच्याकडून खुलासा मागवलाय. त्या बाई इरेला पेटल्या आणि त्यांनी आमच्या ऑफिसला पत्र लिहिलं.

म्हणजे चुगली नव्हतीच.

“तुझ्या मैत्रिणीला विचारलं,” साहेब म्हणाले. “ती म्हणते, माझ्याकडून तपासताना सुटलं, घाईत सही केली. तिच्याकडून हे मला अपेक्षित नव्हतं. सहीचा अधिकार काढून घेतलाय. दुसऱ्या शाखेत फिरतीवर पाठवलंय. आता तू सांग. आधीचं रीडिंग घेतलं होतंस ना?”

मी म्हणाले, “हो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. म्हणाले, तराजूचंच काहीतरी असेल मग, कधी कधी वाहतुकीने, धक्क्याने होतं. आणि तपासणीला फिरतीतलं अनुभवी माणूस हवं म्हणून पुढच्या आठवड्यापासून खुर्ची मला.

मी मान डोलावली. काय म्हणायला हवं होतं? ती स्वतःच म्हणाली ना की सुटलं म्हणून? मी सांगितलं नव्हतं तिला.

संध्याकाळी

तिचं कपाट रिकामं. पलंगावरची गादी गुंडाळून उभी केलेली. मी वाटेत असतानाच गेली, चिठ्ठी नाही. काडी म्हणाली, “रविवारी गेल्या. बसने. पिशव्या घेऊन गेल्या होत्या.” मी विचारलं, कसल्या पिशव्या. ती म्हणाली, “उलटीच्या.”

मी पेटी उघडली. हातमोज्यांचे तिन्ही जोड तसेच मळके, बोटांना काळे.

३ सप्टेंबर

खुर्ची. पाठीला आधार आहे, वर पंखा आहे, चहा जागेवर येतो. दिवसभर कागद बघायचे आणि रेघा मारायच्या. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे मुंग्या. ही बाई हे न कंटाळता कसं करायची?

दुसऱ्या शाखेचे कागदही इथेच तपासायला येतात. आज तिचा पहिला आला. अक्षर थोडं हललेलं, गाडीत लिहिलेलं. आधीची दहा रीडिंग: पाच वेळा एकच आकडा, शेवटी शून्य. मग एकदा एकने कमी. मग पुन्हा तोच, तोच, तोच. तापमान आहे, तारीख आहे, सही रेघेच्या आत. एक चूक सापडावी म्हणून मी तो कागद तीनदा वाचला.

११ सप्टेंबर

कारखान्याचं दुसरं पत्र आलं. बाईंच्या खुलाशावर अठरा तारखेला निर्णय. मी फाइल काढली, नुसती बघायला.

माझा कागद तिथे आहे. दहा नटलेले आकडे. समासात ती लाल ओळ नाही. मला वाटलं दुसरा कागद आहे. उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं, तिने ती खोडरबराने पुसलीय. पण पेन्सिल दाबून धरायची तिची सवय. कागदावर खाचा राहिल्यात. बोट फिरवलं की लागतात. ‘शून्य एकही नाही.’

ओळ राहिली असती तर तिला कळलं होतं हे सिद्ध झालं असतं. मग ‘मला का कळवलं नाहीस’ असं साहेबांनी तिला विचारलं असतं, आणि माझं नाव आलं असतं. म्हणून पुसली, आणि मग सांगितलं की सुटलं. आयुष्यात ज्या बाईच्या नजरेतून टाचणी सुटली नाही, तिने सांगितलं की सुटलं.

मला विचारलं होतंस का, हेडबाई? कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी एवढी मोठी व्हायला? राग खूप आलाय. तिचा नाही येत. येतोय असं वाटतं, पण जागेवर जाऊन बघितलं तर तिथे ती नसते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. सगळं. फोन, बटण, दहा आकडे, लाल ओळ.

साहेबांनी फाइल ओढून घेतली आणि तो कागद उजेडात तिरका धरला. मग म्हणाले, “दोघींनी मिळून मला मूर्ख बनवलंत.” मी म्हटलं, दोघींनी नाही. ते म्हणाले, “सही तिची आहे.” ते बरोबर आहे. तिच्या नोकरीच्या कागदावर आता कायमचं असणार ते.

त्यांच्यासमोर बसून सुधारित प्रमाणपत्र केलं. आधीच्या रकान्यात लिहिलं: ‘रीडिंग घेतले नाही.’ तीन शब्द. पाच मिनिटं लागली नाहीत. कारखान्याला आजच गेलं, लॅबच्या बाईंच्या नावे वेगळं पत्र मी लिहिलं. मला सहा महिने ना गाडी ना खुर्ची. भांडारात वजनं पुसायची.

साहेबांनी हेडबाईला खुर्ची परत देऊ केली. तिने साहेबांना फोनवर ‘नको’ सांगितलं.

१७ सप्टेंबर

काका दुसऱ्या शाखेत गाडी पोचवून आले. मी भांडाराच्या दारात गाठलं. म्हणाले, “भेटली तुझी मैत्रीण. पुढच्या सीटवर बसते आता, लांबवर नजर ठेवून. उलटी बंद झालीय. हसतखेळत असते सगळ्यांत.” मी विचारलं, माझं काही विचारलं का. काकांनी पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. म्हणाले, “नाही.”

मोजे धुतले. डाग जात नाहीत. ती कशाने काढायची कोण जाणे.

२२ सप्टेंबर, सोमवार

लॅबच्या बाईंवरचा ठपका निघाला. त्यांनी मला उत्तर पाठवलं नाही, पाठवावं असंही काही नाही.

हेडबाईला लांबलचक माफी लिहिली होती. वाचली आणि पुसली. त्यात मी स्वतःला इतक्या निरनिराळ्या शब्दांत बोल लावले होते, की हे नटलेलं आहे असं तिने पहिल्याच ओळीला ओळखलं असतं. म्हणून तेरा तारखेपासून रोज संध्याकाळी सात वाजता एवढंच पाठवते: ‘पोचलीस का? जेवलीस का?’ शब्द तेच, क्रम तोच. तिसऱ्या दिवशी मला काहीतरी वेगळं लिहावंसं वाटलं, पण नाही लिहिलं.

ती वाचते. वाचल्याची खूण दर वेळी येते. उत्तर येत नाही.

आज दहावा दिवस. कागद घेऊन मी रोजचं उत्तर त्यावर ओळीने उतरवून काढलं, एकाखाली एक. दहा शून्यं. हेडबाईपुढे हा कागद गेला असता, तर तिने पेन्सिलसुद्धा न उचलता सही केली असती.